लहान मिलिंग मशीनला बाजारातील साधने कशी जुळवावीत?

भाताची झोडणी ऐन भरात असते, ऑक्टोबरअखेरचे आभाळ भरून आलेले असते आणि नेमक्या त्याच दिवशी मळणीयंत्राच्या शाफ्टवरील चावी तुटते. तुटताना ती शाफ्टवरची खाचही फाडून टाकते आणि पुली नुसतीच गरगर फिरत राहते. काम म्हटले तर तासाभराचे. शाफ्टवर नवी खाच पाडायची आणि नवी चावी बसवायची. पण त्यासाठी शाफ्ट काढून बोईसरला न्यायचा आणि वर्कशॉपवाल्याच्या हातातले कारखान्याचे काम संपेपर्यंत वाट पाहायची, यात दोन-तीन दिवस सहज जातात. खळ्यावरचे भारे तोवर भिजतात.

म्हणूनच आपल्याकडील काही हुन्नरी शेतकरी आता घरच्या पडवीत किंवा पंपघराशेजारच्या खोलीत लहानसे मिलिंग मशीन ठेवू लागले आहेत. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याला याबाबतीत एक सोय आहे. एका बाजूला वाड्याचे भात, डहाणू-घोलवडचा चिकू, केळवे-माहीमची पानवेल, तर दुसऱ्या बाजूला बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत. घरटी एखादा मुलगा आयटीआय झालेला किंवा कारखान्यात पाळी करणारा असतो. व्हर्निअर कसा धरावा हे त्याला शिकवावे लागत नाही. कारखाने जुनी मशीन मोडीत काढतात तेव्हा त्यांच्याबरोबर व्हाइस, कटर, चक, डिव्हायडिंग हेड अशी साधने भंगारवाल्याकडे येतात आणि चांगल्या मालाची असूनही वजनावर विकली जातात.

अडचण तेथूनच सुरू होते. ही साधने मोठ्या मशीनची असतात आणि आपले मशीन लहान. व्हाइसचे कान टेबलाच्या खाचेवर येत नाहीत, चकचा दांडा स्पिंडलमध्ये शिरत नाही आणि जे बसते ते इतके उंच असते की कटरला खाली जागाच उरत नाही. मग घाईच्या वेळी माणूस ग्राइंडर घेऊन टेबलाची खाच रुंद करायला बसतो. एवढे मात्र करू नये. टेबल बिडाचे असते, त्याची खाच एकदा बिघडली की पुन्हा सरळ होत नाही, आणि खाचेचे ओठ पातळ झाले की एखाद्या दिवशी बोल्ट आवळताना तुकडा उडतो. जे कापायचे ते साधन कापावे, किंवा मशीन आणि साधन यांच्यामध्ये एक तिसरा तुकडा घालावा. मशीनला मात्र हात लावू नये. या लेखातील सर्व युक्त्या याच एका नियमावर उभ्या आहेत.

खरेदीपूर्वी तीन मापे

भंगारवाल्याकडे किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाण्यापूर्वी आपल्या मशीनची तीन मापे एका पुठ्ठ्यावर लिहून खिशात ठेवावीत. स्पिंडलचे तोंड, टेबलाची टी-खाच, आणि स्पिंडलच्या नाकापासून टेबलापर्यंतचे जास्तीत जास्त अंतर. मी पाहिलेल्या फसलेल्या खरेद्यांपैकी बहुतेक या तीनपैकी एक माप न घेतल्यामुळे फसलेल्या आहेत. विक्रेत्याच्या ‘बसेल हो’ या शब्दावर विसंबू नये. त्याला आपले मशीन ठाऊक नसते.

स्पिंडलच्या तोंडाबाबत जरा थांबून समजून घेऊ. लहान मशीनमध्ये प्रामुख्याने मोर्स टेपर ३ म्हणजे एमटी ३, आर ८, आणि थोड्या मोठ्या मशीनमध्ये एमटी ४ किंवा आयएसओ ३० असे टेपर आढळतात. एमटी ३ चे तोंड २३.८ मि.मी. असते आणि आत ते हळूहळू, साधारण वीस मि.मी. लांबीला एक मि.मी. या प्रमाणात निमुळते होत जाते. आर ८ हा टेपर ब्रिजपोर्ट या अमेरिकी कंपनीने आपल्या मशीनसाठी काढला. त्याचा सरळ भाग २४.१ मि.मी. असतो. म्हणजे व्हर्निअर घाईत लावला तर दोन्ही ‘चोवीसच’ वाटतात आणि चूक होते. ओळखण्याची खूण अशी की, आर ८ चे तोंड बाहेरच्या बाजूला एकदम फुलासारखे उघडून सुमारे ३२ मि.मी. होते आणि आत भोकात एक लहान खुंटी असते. एमटी ३ मध्ये असा पसरट भाग नसतो, बोट फिरवले तर आतपर्यंत एकसारखा उतार लागतो. आयएसओ ३० चे तोंडही ३२ मि.मी.च्या जवळपास असते. मात्र त्याच्या स्पिंडलच्या समोरील तोंडावर दोन चौकोनी ठोकळे बसवलेले दिसतात.

टी-खाचेचे माप म्हणजे टेबलाच्या वर दिसणाऱ्या फटीची रुंदी. ती १०, १२, १४ किंवा १८ मि.मी. अशी असते आणि तिला अनुक्रमे एम ८, एम १०, एम १२ आणि एम १६ चे बोल्ट चालतात. जुन्या मशीनची मापे इंचात असू शकतात. आपल्याकडील जुने मिस्त्री अजूनही सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुताची खाच म्हणजे १२.७ मि.मी. होते, बारा नव्हे. वरची रुंदी, आतील रुंद भागाची रुंदी, त्या भागाची उंची आणि खाचेची एकूण खोली अशी चारही मापे पुठ्ठ्यावर टिपावीत.

पहिले काम टी-नटचे

बाजारात मिळणारा क्लॅम्पिंगचा संच बहुधा १४ किंवा १८ मि.मी. खाचेसाठी असतो. आपली खाच १२ ची असेल तर त्यातील टी-नट बसत नाहीत. काहीजण तयार नटची मान घासून १२ ची करतात. तसे करू नये. त्या नटमध्ये एम १२ चे आटे पाडलेले असतात. मान बारापेक्षा कमी केली की दोन्ही बाजूंना आटे उघडे पडतात आणि नट पहिल्याच आवळणीला फाकतो. संचातील क्लॅम्प, पायऱ्यांचे ठोकळे आणि वॉशर ठेवावेत, नट आणि स्टड मात्र नवे करावेत.

टी-नट घरी बनवणे हे नव्या मशीनवरचे पहिले काम म्हणून फारच चांगले. १२ मि.मी.च्या खाचेत आतील रुंदी २० आणि उंची ८ भरली, असे समजू. २० मि.मी. जाडीच्या साध्या लोखंडी पट्टीचा २५ मि.मी. लांबीचा तुकडा घ्यावा. डोके १८ मि.मी. रुंद आणि ७ मि.मी. जाड ठेवावे, मान ११.७ मि.मी. करावी. मानेचा माथा टेबलाच्या पातळीपेक्षा एक मि.मी. खालीच राहिला पाहिजे. तो वर आला तर साधन टेबलावर न आवळता नटवरच आवळले जाते आणि काम करताना सरकते. मध्यभागी ८.५ मि.मी.चे भोक पाडून एम १० चा टॅप चालवावा. मिलिंग मशीनला अजून व्हाइसच नसेल तर हे काम करवत आणि कानशीनेही होते, फक्त घाम जास्त गाळावा लागतो.

आता यातील खरी मेख सांगतो. टॅप आरपार चालवल्यावर नट उलटा करून तळाच्या शेवटच्या आट्यावर सेंटर पंचने दोन-तीन ठोके मारावेत. त्यामुळे आटा दबतो आणि स्टड नटच्या तळातून बाहेर येत नाही. हे केले नाही तर स्टड खाली उतरून खाचेच्या तळावर टेकतो. मग आपण वरून जितके आवळू तितका नट वर ओढला जातो आणि खाचेचे ओठ उचलले जातात. बीड ताण सोसत नाही. टेबलाचा ओठ तुटलेली मशीन भंगारात पाहायला मिळतात, त्यातील कित्येकांची गोष्ट एवढ्याच एका आट्याची असते. असे सहा नट करून ठेवावेत, चार कमी पडतात.

व्हाइस आणि मधली पाटी

भंगारातून पाच-सहा इंची व्हाइस स्वस्त मिळतो म्हणून आणला जातो. त्याचे कान आणि आपल्या टेबलाच्या खाचा यांचे अंतर जुळत नाही. कानाला दुसरीकडे भोक पाडण्याचा मोह होतो, पण कान बिडाचा आणि आधीच एका खाचेने कमजोर झालेला असतो.

अशा वेळी १६ मि.मी. जाडीची साध्या लोखंडाची पाटी मध्ये घालावी. २०० बाय १५० मि.मी.ची पाटी पावणेचार किलो भरते, म्हणजे उचलताना त्रास नाही. पाटीला दोन प्रकारची भोके लागतात. व्हाइसच्या कानांच्या जागी आटे पाडलेली, आणि टेबलाच्या खाचांच्या अंतरावर साधी. साधी भोके वरून खोलगट करावीत म्हणजे बोल्टचे डोके पाटीत बुडते आणि व्हाइसखाली अडत नाही. पाटी आधी टेबलाला आवळावी, मग व्हाइस पाटीला. पाटी कापताना गॅसकटरची कड राहिली असेल तर ती घासून काढावी, कारण त्या कडेवरील कडक खवल्यावर चांगला कटर क्षणात बोथट होतो. पाटीच्या दोन्ही बाजू सपाट आहेत का हे काचेच्या तुकड्यावर निळा रंग लावून तपासावे. वाकडी पाटी टेबलावर आवळली तर टेबलच वाकते, आणि त्यावर केलेले प्रत्येक काम वाकडे निघते.

पाटी घातल्याने १६ मि.मी. उंची खर्च होते हे विसरू नये. ती उंची परत मिळवण्याचा उपाय बहुतेक व्हाइसमध्येच असतो. व्हाइसच्या खाली गोल फिरणारी बैठक असेल तर ती काढून ठेवावी. त्या बैठकीने तीस-पस्तीस मि.मी. जातात आणि व्हाइस लवचिकही होतो. वर्षातून दोनदा तिरपे काम करण्यासाठी ती रोज वागवण्यात अर्थ नाही.

बसवल्यानंतर व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या चालीशी समांतर आहे का हे पाहावे. गुण्या लावून साधारण सरळ करता येतो, पण खाचेच्या कामाला ते पुरत नाही. डायल गेज स्पिंडलला अडकवून त्याची टोच जबड्यावर टेकवावी आणि टेबल सरकवावे. शंभर मि.मी. सरकल्यावर काटा दोन रेघांपेक्षा, म्हणजे ०.०२ मि.मी.पेक्षा जास्त हलू नये. एक बोल्ट घट्ट आणि दुसरा जरा सैल ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत हे साधते. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, दहाव्या वेळी पाच मिनिटे. पाटीच्या तळाशी टेबलाच्या खाचेत घट्ट बसणाऱ्या दोन चाव्या स्क्रूने बसवल्या तर पाटी काढून घातली तरी ती जवळजवळ जागेवरच येते.

उंचीचा हिशेब

लहान मशीनवर सर्वांत जास्त चणचण उंचीची असते. समजा, नाकापासून टेबलापर्यंत ३०० मि.मी. आहे. बैठकीसह व्हाइस १३०, ड्रिल चक व त्याचा दांडा ११०, चकमधून बाहेर आलेला ड्रिल ९५. बेरीज ३३५ झाली. काम अजून व्हाइसमध्ये ठेवलेलेच नाही! बैठक काढली तरी ३०० होतात आणि काम ठेवायला जागा शून्य. येथे ड्रिल चकऐवजी कॉलेट चक वापरला तर तो साठ-पासष्ट मि.मी.तच संपतो. शिवाय आखूड जातीचे ड्रिल मिळतात, ते वापरावेत. व्हाइसऐवजी काम सरळ टेबलावर व्ही-ठोकळ्यांत ठेवता आले तर उत्तमच.

ज्यांच्या मशीनचा खांब गोल आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. गोल खांबावर डोके वर-खाली केले की ते थोडे फिरतेही, आणि मग आधी पाडलेल्या भोकाचा मध्य हरवतो. म्हणून एकाच कामाला लागणारी सर्व अवजारे शक्यतो सारख्या लांबीच्या पकडींत लावावीत, म्हणजे डोके हलवावे लागत नाही.

स्पिंडलमधील पकड

ड्रिल चकमध्ये मिलिंग कटर धरू नये. हे वाक्य या लेखातून एकच लक्षात ठेवायचे असेल तर ठेवावे. ड्रिल खाली दाबला जातो म्हणून चक आपल्या टेपरवर घट्ट राहतो. मिलिंग कटर मात्र आडवा रेटला जातो, थरथरतो आणि त्याचे पीळ त्याला खाली ओढतात. ड्रिल चक लहान टेपरवर नुसता ठोकून बसवलेला असतो, तो सुटतो. सुरुवातीच्या काळात मीही ‘एवढेसे तर काम आहे’ म्हणून १० मि.मी.चा कटर ड्रिल चकमध्ये लावला होता. दुसऱ्याच फेरीला चक कटरसकट खाली आला, फिरता फिरता व्हाइसवर आपटला आणि तुटलेला कटर माझी तर्जनी चिरून गेला. व्रण अजून आहे.

यावर योग्य उपाय म्हणजे आपल्या स्पिंडलच्या टेपरचा ई-आर कॉलेट चक. ई-आर २५ चा संच १६ मि.मी.पर्यंत आणि ई-आर ३२ चा संच २० मि.मी.पर्यंतचे दांडे धरतो. लहान मशीनला ई-आर २५ पुरतो. हा खर्च भंगारात वाचवण्याचा नाही, चक आणि कॉलेट नवेच घ्यावेत. कॉलेट आधी नटमध्ये ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवावा, मग नट चकवर चढवावा. सुटा कॉलेट चकमध्ये टाकून वरून नट फिरवला तर कॉलेट तिरपा बसतो आणि कटर डगमगतो.

चक विकत घेताना त्याच्या मागील आटे पाहावेत. एमटी ३ चा दांडा मेट्रिक असेल तर मागे एम १२ चे आटे असतात, जुन्या इंची मालाला तीन सुती व्हिटवर्थ आढळतात. आर ८ ला ७/१६ इंचाचे बारीक आटे असतात. आपल्या मशीनबरोबर आलेला ड्रॉ-बार दुसऱ्याच आट्यांचा असला तर चक परत करण्याची गरज नाही, ड्रॉ-बार नवा करावा. ई-एन ८ चा बार घेऊन एका टोकाला चकचे आटे व दुसऱ्या टोकाला षट्कोनी डोके करून घ्यावे आणि डोक्याखाली पितळी वॉशर घालावा. चकमध्ये निदान बारने आपल्या व्यासाइतके आटे धरले पाहिजेत. चक काढताना ड्रॉ-बार एक-दोन फेरे सैल करून डोक्यावर तांब्याच्या किंवा पितळी हातोडीने एक ठोका द्यावा. पूर्ण सैल करून ठोकला तर शेवटच्या एका आट्यावर सगळा मार बसतो.

भंगारात एमटी २ दांड्याचे कटर व एमटी ३ ते एमटी २ अशा बदलाच्या बाही पुष्कळ मिळतात. ड्रिलसाठी केलेली बाही मागून बंद असते, तिच्यातून ड्रॉ-बार जात नाही. मिलिंगला ती उपयोगाची नाही. दोन्हीकडून उघडी बाही घेतली तरी ड्रॉ-बार पार कटरच्या दांड्यापर्यंत पोचून त्याला ओढून धरतो आहे याची खात्री करावी. आयएसओ ४० ची साधने, त्यांचे तोंड ४४ मि.मी.पेक्षा मोठे असते, लहान मशीनवर कोणत्याही बाहीने जुळत नाहीत. कितीही स्वस्त मिळाली तरी ती सोडून द्यावीत. अपवाद त्यावर बसवलेल्या कटरचा, तो सुटा करून घेता आला तर घ्यावा.

भाग पाडण्याचे साधन

चौकोनी डोके, षट्कोनी नट, सहा दात अशा कामांना भाग पाडावे लागतात. भंगारातील डिव्हायडिंग हेड दिसायला रुबाबदार, पण लहान टेबलावर तो अर्धी जागा खातो आणि त्याच्या वजनाने टेबलाचे स्क्रू झिजतात. शेतीच्या दुरुस्तीत शंभरातील नव्वद वेळा दोन, तीन, चार किंवा सहाच भाग हवे असतात. त्यासाठी चौकोनी आणि षट्कोनी असे दोन कॉलेट ठोकळे मिळतात. काम कॉलेटमध्ये आवळायचे, ठोकळा व्हाइसमध्ये ठेवायचा, एक बाजू कापली की ठोकळा पुढच्या बाजूवर फिरवायचा. हिशेब नाही आणि चूकही नाही.

तरीही रोटरी टेबल घ्यायचेच असेल तर चार इंची घ्यावे. जुन्या मालाची पट्टी निघून गेलेली असते, म्हणून त्याचे प्रमाण स्वतः मोजावे. टेबलाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत हँडलचे फेरे मोजायचे. ९० भरले तर एका फेऱ्याला ४ अंश, ७२ भरले तर ५ अंश. डिव्हायडिंग हेडचे प्रमाण बहुधा ४० असते, तेव्हा ४० ला हव्या त्या भागांनी भागावे. सहा भागांसाठी सहा पूर्ण फेरे आणि दोन तृतीयांश, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर आणखी १२ भोके पुढे. या टेबलावर लेथचा लहान चक बसवायचा असल्यास पुन्हा मधली चकतीच उपयोगी पडते. ती बोईसरच्या लेथवाल्याकडून चकच्या मागील खोबणीत घट्ट बसेल अशी उंचवटा ठेवून करून घ्यावी.

मळणीयंत्राचा शाफ्ट

आता सुरुवातीच्या कामाकडे येऊ. शाफ्ट २५ मि.मी. व्यासाचा आहे. २२ ते ३० मि.मी. व्यासाच्या शाफ्टला ८ रुंद आणि ७ उंच अशी चावी लागते आणि शाफ्टमध्ये तिची खाच ४ मि.मी. खोल असते. १७ ते २२ व्यासाला ६ बाय ६ ची चावी व साडेतीन मि.मी. खोली, तर ३० ते ३८ ला १० बाय ८ ची चावी व ५ मि.मी. खोली. फाटलेल्या खाचेतच उकरत बसू नये. शाफ्ट अर्धा फिरवून विरुद्ध बाजूला नवी खाच पाडावी. जुन्या खाचेच्या कोपऱ्यातून चीर गेलेली दिसली तर मात्र शाफ्ट बदलावाच.

शाफ्ट दोन व्ही-ठोकळ्यांवर टेबलावरच ठेवून दोन क्लॅम्पनी, आपण केलेल्या टी-नटच्या साहाय्याने आवळावा. लांब टोक टेबलाबाहेर लोंबत असेल तर त्याला लाकडी घोडीचा आधार द्यावा. कटर ८ चा न घेता ६ मि.मी.चा, दोन दातांचा घ्यावा. लहान मशीन थरथरते, आणि ८ चा कटर ८ पेक्षा थोडी जास्तच रुंद खाच पाडतो. मग चावी सैल होते आणि पुन्हा तुटते.

मध्य काढण्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदाचा तुकडा तेलाने शाफ्टच्या बाजूला चिकटवावा. कागदाची जाडी मायक्रोमीटरने आधी मोजावी, ती ०.०८ मि.मी. भरली असे समजू. कटर शाफ्टच्या मध्यरेषेइतका खाली आणून हळूहळू जवळ न्यावा. कागद फाटताच थांबावे. कटर वर उचलून टेबल १२.५ अधिक ३ अधिक ०.०८, म्हणजे १५.५८ मि.मी. सरकवावे. कटर शाफ्टच्या डोक्यावर बरोबर मध्यावर येतो. टेबलाचा स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवून माप घ्यावे. पुढे गेल्यास थोडे परत फिरवून भागत नाही, एक पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा यावे लागते.

हाय-स्पीड कटरने साधे लोखंड कापताना ८००० ला कटरच्या मि.मी. व्यासाने भागले की फेरे मिळतात. सहाच्या कटरला तेराशेच्या आसपास. एका वेळी अर्धा मि.मी. खोली घ्यावी, आठ फेऱ्यांत ४ मि.मी. होतील. घाई करू नये. मग दोन्ही बाजूंना ०.९ मि.मी. सरकवून खाच रुंद करावी, चावी लावून पाहावी आणि उरलेले थोडे थोडे काढावे. बाजू कापताना काम कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवावे. त्याच दिशेने सरकवले तर स्क्रूमधील ढिलाईमुळे कटर कामाला खेचून घेतो आणि तुटतो. चावी हलक्या ठोक्याने बसली पाहिजे.

पुलीच्या आतील खाच या मशीनवर पडत नाही, तिला स्लॉटिंग मशीन किंवा ब्रोच लागतो. ते काम, तसेच ट्रॅक्टरच्या पीटीओचे दात, गिअर, आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगचा कोणताही भाग घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. पीटीओच्या शाफ्टला उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. घरी कापलेला साधा शाफ्ट दिसायला तसाच, पण भर कामात पिळवटतो. त्यासाठी बोईसरची फेरी परवडते.

काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे घालू नयेत, कटरमध्ये मोज्याचा धागा अडकला की बोटही जाते. गळ्यातला पंचा आणि लोंबती बाही काढून ठेवावी. कीस ब्रशने काढावा, हाताने किंवा तोंडाने फुंकून नव्हे. मशीनला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि ते घरच्या जोडणीवरच चालवावे. शेतीपंपाच्या जोडणीवर चालवणे वीज कायद्याने अनधिकृत वापर ठरते.

चिंचणी, तारापूर, डहाणूच्या किनारपट्टीतील शेतकऱ्यांना पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. खारी हवा आणि दमट भिंती यांमुळे टेबलावर एका रात्रीत तांबूस डाग पडतात. काम संपल्यावर टेबल, टी-खाचा आणि स्पिंडलचे तोंड पुसून घट्ट तेलाचा हात द्यावा. प्लास्टिकने मशीन झाकू नये, आत घाम धरतो. जुनी गोधडी किंवा सुती चादर घालावी. कॉलेट आणि टी-नट तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. चक मात्र जूनपासून स्पिंडलमध्ये तसाच अडकवून ठेवू नये, दसऱ्याला मशीनची पूजा करायला जाल तेव्हा तो टेपरमध्ये गंजून बसलेला असेल.